बर्फाला टेकलेला हात

ओकुनोसावाच्या उतारावर कोण कुणाकडे शिकलंय, हे लिफ्टच्या खुर्चीत बसलेलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. नुसती वळणं बघायची. स्नोबोर्डच्या, पायाच्या पंजांकडच्या कडेवर वळताना ज्याचा हात बर्फाला टेकतो, तो काताकिरी कुनियोचा शिष्य. विचारायचीही गरज नाही. आणि एकदा एका गुरुजींची ढब उचलली की मरेपर्यंत तीच ठेवायची. मध्येच दुसऱ्याची धरली तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आम्ही लोक हे असले, काय करणार!

कुनियो एकसष्ट वर्षांचा. उन्हाळ्यात सफरचंदाची बाग, हिवाळ्यात बोर्ड शिकवणं, असे तेहतीस हिवाळे गेले. माणूस वाईट नाही हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि ती त्याने दहा वर्षं दाबून ठेवली, म्हणून ही हकिकत सांगायची.

तरुणपणी त्याला म्हाताऱ्या योनेकुरांनी शिकवलं होतं. म्हातारा महाखट. म्हणायचा, "कंबर पुढे! नडगी बुटाच्या जिभेवर रेल, गुडघे मोड, छाती सरळ ठेव आणि जिकडे जायचंय तिकडे बघ. हाताला काही काम नाही, कळलं? अंग पुरतं कललं तर बर्फ आपण होऊन हातापाशी येईल. तू बर्फाकडे हात नेलास की मेलास." कुनियोने दोन हिवाळे नुसती कंबर पुढे ढकलली. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी हात आपोआप बर्फाला लागला. खालून बघणारे ओरडले. तेव्हापासून त्याचा हात गावात प्रसिद्ध झाला.

आता शिकायला येणाऱ्यांना दोन हिवाळे थांबायला वेळ कुठे! त्यांना दुसऱ्या दिवशी तो हात हवा, तिसऱ्या दिवशी फोटो हवा. कुनियोने हळूहळू उलटं सुरू केलं. "हात टेकवा," म्हणायला लागला. माणसं कमरेत मोडायची, बूड मागे काढायची आणि हात लांब करून बर्फ चाचपायची. दिसायला झकास. पण बूड मागे गेलं की कडेवरचं वजन निघून जातं. मऊ बर्फात खपून जातं ते. कडक बर्फात कड सुटते, आणि मग अख्खं अंग त्या पुढे केलेल्या हातावर येतं. हे कुनियोला शिकवायची गरज नव्हती. पण शिष्य खूश होते, फोटो छान येत होते. बोलून वाईट कोण होणार?

सुझुनो त्याच्याकडे तीन हिवाळे शिकली. लिफ्टच्या पायथ्याशी तिचं सोबाचं, म्हणजे कुट्टूच्या शेवयांचं, दुकान आहे, वडिलांच्या मागे तिनेच चालवलेलं. कुट्टूचं पीठ रोज पहाटे हाताने मळायची. तिच्या हाताचा सोबा खायला डोंगरापलीकडून माणसं यायची, मी स्वतः आठवड्यातून दोनदा जायचो. फेब्रुवारीत ती बोर्डचा बिल्ला मिळवायच्या परीक्षेला उतरली. आदल्या दिवशी ऊन पडून नंतर सगळं गोठलेलं, उतार नुसती काच झाला होता. तिसऱ्या वळणाला तिने गुरुजींनी शिकवला तसा हात पुढे केला. कड सुटली. उजव्या मनगटाचा आवाज खाली उभ्या कुनियोला ऐकू आला.

मनगटात धातूची पट्टी बसली, सहा स्क्रू बसले. दुकानात मेहुण्याने पीठ मळायचं मशीन आणलं. जुनी गिऱ्हाइकं अर्धा वाडगा खाऊन "छान होतं" म्हणून उठायला लागली.

एप्रिलमध्ये सुझुनो कुनियोच्या दारात आली. उजवा हात झोळीत, डाव्या हातात चेस्टनटच्या वड्यांची पेटी. चटईवर गुडघे टेकून तिने डोकं जमिनीपर्यंत नेलं.

"गुरुजी, परीक्षेत पडून तुमच्या नावाला डाग लावला मी. माफ करा."

यावर काय म्हणायचं ते आमच्याकडे ठरलेलं असतं. "नाही नाही, माझंच शिकवणं कमी पडलं," असं गुरूने म्हणायचं. कुणी खरं मानत नाही, पण म्हणायचं. कुनियोने आयुष्यात शंभरदा म्हटलं असेल, आणि शंभरही वेळा ते खोटं होतं म्हणून सुरळीत बाहेर पडलं. या वेळी ते खरं होतं. बाहेरच पडेना मेलं.

"पुढच्या वर्षी जरा सावकाश घे," तो म्हणाला. आणि पेटी ठेवून घेतली!

ती गेल्यावर त्याची बायको तामिए चहा घेऊन आली. "अहो, एवढंसं बोलायला काय झालं होतं तुम्हाला? पोर हात मोडून घेऊन बसलीय, वर माफी मागायला आली. जीभ लुळी पडली होती का?"

"चहा ठेव आणि जा," कुनियो म्हणाला. एक वडी तोंडात टाकली. दोनदा चावली. शेवटी रुमालात थुंकली.

तो उन्हाळा त्याने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. सोबाच्या दुकानावरून जायचं टाळायला तो कालव्याच्या काठाने लांबचा फेरा घ्यायचा. बागेत शिडीवर उभा राहून वाक्य जुळवायचा, खाली उतरेपर्यंत विसरायचा. लाज वाटत होती, दुसरं काय. मनाला टोचायचं, आणि टोचलं की तो स्वतःलाच सांगायचा, की बर्फ गोठला होता, माझा काय दोष!

डिसेंबरात उतार उघडला. कुनियोचे सहा शिष्य सपाटीवर रांगेत उभे राहून सराव करत होते. तेवढ्यात सुझुनो आली. बोर्ड नव्हतं. दुकानातले रबरी बूट, अंगावर एप्रन. ती कुंपणापाशी थांबली. कुनियो तिच्याकडे गेला.

"हात कसा आहे?"

"थंडीत ठणकतो. मूठ अर्धीच मिटते."

कुनियोने टोपी काढली. "सुझुनो, चूक तुझी नव्हती. मी चुकीचं शिकवलं."

"माहितीये मला."

"माहितीये? कधीपासून?"

"इस्पितळात पडल्या पडल्या परीक्षेत कुणीतरी काढलेला माझा व्हिडिओ चाळीस वेळा बघितला मी. कंबर कुठे होती नि हात कुठे, आंधळ्यालाही दिसेल."

"मग माफी मागायला कशाला आलीस?"

"तुम्हाला बोलायला सोपं जावं म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "मी आधी वाकले की तुम्ही बोलाल असं वाटलं. दारात एका हाताने बुटाच्या नाड्या बांधत बसले होते, मुद्दाम वेळ लावला. तुम्ही आतून काय म्हणालात? दार नीट ओढून घे, वारा येतोय."

कुनियो काढलेल्या टोपीवरचा बर्फ झटकायला लागला.

"आता मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." तिने हनुवटीने त्या सहाजणांकडे दाखवलं. सहाही बुडं मागे, सहाही हात बर्फाकडे.

तेहतीस हिवाळ्यांत कमावलेलं सगळं त्या रांगेत उभं होतं. कुनियो गेला. सगळ्यांना थांबवलं. "आजवर मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. हात टेकवायचा नसतो. माझं शिकवणं कमी पडलं," तो म्हणाला.

निवृत्त पोस्टमास्तर मोमोसे हसून उरलेल्यांकडे वळले. "बघा, याला म्हणतात गुरू! शिकण्यात आपण कमी, आणि हा देवमाणूस दोष स्वतःवर घेतोय!" उरलेले पाचजण हातमोज्यांनी टाळ्या वाजवायला लागले.

"अहो मोमोसे, मी विनयाने बोलत नाहीये."

"विनयी माणूस नेमकं हेच म्हणतो, गुरुजी!" पुन्हा हशा.

कुनियो उलटा फिरला, कुंपणापाशी गेला आणि म्हणाला, "हात दाखवशील?" सुझुनोने हातमोजा काढला. मनगटावर बोटभर लांबीचा लाल व्रण होता. तो तिला रांगेसमोर घेऊन आला.

"हा हात बर्फाने मोडला नाही. मी मोडला. असं वळलं तर एक ना एक दिवस कुणाचा तरी हात मोडणार, हे मला दहा वर्षं माहीत होतं. तुम्ही खूश होतात म्हणून मी गप्प बसलो. आणि ही माफी मागायला आली तेव्हा मी ती घेतली."

टाळ्या बंद पडल्या होत्या. आता बोलायची पाळी सुझुनोची होती. अशा वेळी "नाही नाही, गुरुजी, असं कसं," एवढं म्हणायचं असतं, आमच्याकडे शाळकरी मुलंही म्हणतात. मोमोसे तिच्याकडे बघत राहिले. सगळेच बघत राहिले.

सुझुनोने हातमोजा दातात धरून हातावर चढवला. बोटं नीट जात नव्हती, ती एकेक करून आत घातली. मग कुनियोला नमस्कारही न करता ती दुकानाकडे चालू लागली.