एकट्याचं पातेलं

बुसानमधल्या आमच्या गल्लीत ओक्सुनमावशीची खानावळ आहे. तिथे माशाचा रस्सा दोघांपुरताच शिजतो. एकट्याने मागितला की मावशी खेकसते.

काल टॅक्सीवाला ग्वाक एकटाच आला. त्याची बायको नुकतीच वारली होती.

"मावशी, एक छोटं पातेलं घ्यायला काय होतंय तुला?"

"गप बस!" म्हणत तिने त्याला माझ्यासमोर बसवलं. मीही एकटाच होतो.

रस्सा आमच्या मध्ये ठेवून ती म्हणाली, "घेतलं होतं, नवरा गेला तेव्हा. त्यातला घास घशाखाली उतरेना."

"मग कुठंय ते?"

तिने दाराकडे बोट दाखवलं. त्या पातेल्यात मिरचीचं रोप लगडलं होतं.

ग्वाक उठला, त्याने दोन मिरच्या तोडून आणल्या आणि एक माझ्यासमोर ठेवली.