शेपटीवरचा वळ

खड्डा खणून झाला होता. पंचनामा लिहून झाला होता. जेसीबीवाला इंजिन चालू ठेवून चहा पीत होता. राहिली होती फक्त माझी सही.

सकाळचे साडेआठ वाजले होते. कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या पाठीमागे, खाडीच्या अंगाला एक लहानसा धक्का आहे. तिथल्या सिमेंटवर अडीच मीटर लांबीचा डॉल्फिन पडला होता. राखाडी रंगाचा, पाठीवर उंचवटा असलेला. आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला हाच जास्त दिसतो. त्याला लांब समुद्रात जायची हौस नसते. उथळ, गढूळ पाण्यात, आपल्या नाकासमोर तो राहतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

शेजारी बोटी बांधायच्या लोखंडी खुंट्यावर एक कोळी बसला होता. पन्नाशीचा, अंगात फाटका बनियन. त्याच्या बाजूला हवालदार उभा होता.

मी सरकारी पशुवैद्यक. माझं काम मेलेल्या जनावरांचं, म्हणजे पोस्टमार्टेमचं. म्हशी, घोडे, कुत्री आणि वर्षातून दोन-तीनदा समुद्र जे बाहेर टाकेल ते. सोबत आमचे अटेंडंट सावंतमामा. राहायला लालबागला, पण जीभ अजून मालवणातच.

चौकशीला आलेले अधिकारी साळवी यांनी कागद पुढे केला. "मॅडम, इथे सही. जाळ्यात अडकून मृत्यू. शेपटीवर दोरीचा वळ आहे बघा, क्लिअर आहे."

वळ होता खरा. शेपटीच्या वर, जिथे शरीर बारीक होतं तिथे, बोटभर खोल, गोल फिरलेला.

"उघडल्याशिवाय मी सही करत नाही," मी म्हटलं.

"अहो, व्हिजुअल एक्झामिनेशन चालतं. याला ओढून आणतानाचा व्हिडिओ व्हायरल झालाय, वरून फोनवर फोन येतायत. आरोपी हाती आहे, बोट सील केलीय. दुपारी बातमी द्यायचीय."

डॉल्फिनला कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. मारल्याचं सिद्ध झालं तर काही वर्षांची कैद. म्हणजे माझ्या एका सहीनं त्या बनियनवाल्या माणसाची बोटही जाणार होती आणि तोही जाणार होता.

मी त्याच्याकडे गेले. नाव हरेश्वर तांडेल. मला बघून तो उठून उभा राहिला.

"मॅडम, वळखलात ना? गेल्या वर्षी तुमी इथंच मीटिंग घेतलेली. तुमीच सांगितलेलं, मेलेला गादा दिसला तर सोडून देऊ नका, कळवा म्हणून."

गादा म्हणजे डॉल्फिन. कोळ्यांचा शब्द.

"मग कळवलं का नाही?"

"कळवलं की. तुमी दिलेल्या नंबरावर चार येळा लावला. कुनी उचलला नाय. ओहोटी लागलेली, तो भायेर चाललेला वाहत. म्हनून शेपटीला दोरी बांधली नि आनला. मी मारला नाय. मेलेलाच व्हता."

मीटिंग मी घेतली होती. नंबर मी दिला होता. टाळ्याही मीच घेतल्या होत्या. आणि मेलेलं जनावर सापडल्यावर नेमकं काय करायचं, काय करायचं नाही, याबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. माझं ऐकलं म्हणून हा माणूस हवालदाराशेजारी बसला होता.

"अजून काही बघितलंस?"

"पिल्लू व्हतं मॅडम. बोटीच्या मागं मागं येत व्हतं. दोनदा अगदी जवळ आलं, आईच्या अंगाला तोंड लावायचं. मंग धक्का दिसायला लागला तवा मागं रायलं."

साळवी हसले. "ऐका! मासा पिल्लू सांभाळतो म्हणे. बचावासाठी कायपण."

"मासा नाही तो," मी म्हटलं. "तुमच्या-माझ्यासारखा आहे. फुप्फुसं आहेत, रक्त गरम आहे, पिल्लाला दूध पाजतो. त्या पुढच्या वल्ह्यासारख्या परांमध्ये बोटांची हाडंसुद्धा आहेत. हवी असतील तर दाखवते."

साळवींनी फोन काढला आणि थेट आमच्या साहेबांना लावला. डॉ. कर्णिक शिवाजी पार्कला राहायचे. त्या वेळी त्यांची मैदानाची शेवटची फेरी चालू असायची. धापा टाकतच बोलले.

"गायकवाड मॅडम, कशाला वाढवताय? उघड्यावर पीएम करू नका. वास सुटेल, लोक जमतील. वरवर बघून रिपोर्ट द्या."

"सर, वास आतून सुटायला लागलाच आहे."

हेही सांगायला हवं. डॉल्फिनच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, अंगावर कायमची गोधडी पांघरल्यासारखा. जिवंतपणी त्यानं ऊब टिकते. मेल्यावरही ती ऊब आत कोंडून राहते आणि जनावर आतून भराभर सडतं. बाहेरून ताजं दिसतं, आत पुरावा नासत असतो. मला जे काही करायचं ते त्याच सकाळी करायचं होतं.

"मॅडम, ही इन्स्ट्रक्शन समजा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

साळवींनी जेसीबीवाल्याला हात केला. त्यानं चहाचा कप टाकला आणि लोखंडी पंजा डॉल्फिनकडे वळवला.

मी खड्ड्यात उतरले.

फिल्मी वाटेल, पण खड्डा कमरेएवढाच होता आणि पायात गमबूट होते. उतरले आणि उभी राहिले.

"मॅडम, हे काय?"

"घाई आहे ना तुम्हाला? आधी मला पुरा, मग त्याला."

जेसीबीवाल्यानं इंजिनच बंद केलं. म्हणाला, "मैं नहीं करेगा साब, मेरा लायसन जायेगा." त्या दिवशी मला मिळालेली पहिली मदत ती. सावंतमामा सुऱ्यांना धार लावायला बसले होते. एकतीस वर्षं माझ्यासारख्यांबरोबर काढलेला माणूस, त्याला पुढचं दिसतं.

घोडपदेवच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली होती. बाबा कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात होते. त्यांचं काम गाठीतून नमुना काढायचं. व्यापारी गाठ बांधताना वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस लावायचे आणि आत किडका भरायचे. बाबा गाठीत हात खुपसून आतला कापूस ओढून काढायचे. पुष्कळदा त्यांना सांगितलं जायचं, अरे, वरवर बघ आणि पास कर. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "वरचं बघायला डोळे तुम्हालाही आहेत." त्यासाठी दोनदा नोकरी गेली. घरात चूल थंड राहिली, पण बाबा बदलले नाहीत. आज त्याच गोदामांच्या पाठीमागे उभी राहून मी वरवर बघून सही करणार होते होय? छे.

साळवी पाय आपटत सावलीला गेले. आम्ही कामाला लागलो.

पहिला छेद मी त्या वळावरच घेतला. जिवंत शरीराला दोरी आवळली, मार लागला, तर आत रक्त साकळतं. गुडघा आपटल्यावर काळानिळा होतो ना, तसं. मेलेल्याचं हृदय बंद असतं, तिथे रक्त धावून येत नाही. वळाखालची चरबी मी उघडली. पांढरी स्वच्छ, रक्ताचा ठिपकासुद्धा नाही.

"साळवी साहेब, इकडे या. लांबून नाही, जवळ या. नाकाला रुमाल लावा हवं तर. ही दोरी मेल्यानंतर बांधलीय."

"एक दोरी मेल्यावर बांधली असेल. जाळ्यात आधी अडकला नसेल कशावरून?"

प्रश्न रास्त होता, हे मान्य करते. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन बुडून मरतो असं आपण म्हणतो. तो गुदमरतो. आपण झोपेतही आपोआप श्वास घेतो. डॉल्फिनचं तसं नाही. प्रत्येक श्वास त्याला ठरवून, वर येऊन घ्यावा लागतो. म्हणून तो झोपतोसुद्धा अर्ध्या मेंदूनं, उरलेला अर्धा जागा असतो. जाळ्यानं धरून ठेवलं की वर येता येत नाही. डोक्यावरचं नाक तो घट्ट मिटून घेतो आणि धडपडतो. त्या धडपडीत त्याच्या चोचीसारख्या लांब तोंडावर, परांच्या कडांवर धाग्यांच्या बारीक चिरा उठतात. श्वासनळीत बहुतेक वेळा फेस सापडतो.

चोच गुळगुळीत होती. परांच्या कडा साफ होत्या. श्वासनळी उभी चिरली, फेस नव्हता.

मग सावंतमामांनी उजव्या कुशीवरून हात फिरवला आणि थांबले. "मॅडम, हयसर काय तरी हा. बरगडी हलता."

वरून त्या जागी काहीच दिसत नव्हतं, एक पुसटसं खरचटलेलं सोडून. ती कातडी रबरासारखी असते, मार गिळून टाकते. चरबीचा थर बाजूला केला आणि खाली काळं रक्त, परातभर. चार बरगड्या मोडलेल्या. एक फुप्फुसात घुसलेली. छाती रक्तानं भरलेली.

"हे जाळ्यानं होत नाही," मी म्हटलं. "तांडेलच्या त्या टुकटुक बोटीनंही होत नाही. जड आणि वेगवान काहीतरी अंगावर आलंय. आणि आलं तेव्हा हिचं हृदय चालू होतं."

"हिचं?"

"मादी आहे."

पोटाच्या खालच्या बाजूला दोन बारीक फटी असतात. स्तन त्यांच्या आत झाकलेले, पोहताना पाणी अडू नये म्हणून. मी बाजूनं दाबलं. दूध आलं. दाट, साईसारखं. माझ्या हातमोज्यावरून ओघळून सिमेंटवर पडलं.

हवालदारानं टोपी काढली. तांडेल खुंट्यावरून उठून आला आणि बघत राहिला. "सांगलं व्हतं ना," एवढंच म्हणाला. दुधाचं त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. त्यानं पाण्यात जे पाहिलं तेच सांगितलं होतं, शब्दन् शब्द.

मला रडू आलं, लपवत नाही. डॉल्फिनचं पिल्लू दोन-दोन वर्षं आईला धरून असतं. ते पिल्लू केवढं होतं, त्याला मासे धरता येत होते की नाही, कळपातल्या दुसऱ्या कुणी त्याला जवळ केलं की नाही, मला आजही माहीत नाही.

दुपारी ऑफिसात साहेबांनी माझा रिपोर्ट वाचला. कर्णिक साहेब वाईट नव्हते. घाबरट होते, आणि वाईट माणसांचं काम बऱ्याचदा घाबरट माणसंच करून देतात.

"छान लिहिलंय. फक्त शेवटी एक ओळ घाला. 'जाळ्यात अडकल्याची शक्यता नाकारता येत नाही.' म्हणजे सगळ्यांचीच सोय."

"नाकारता येते सर. मी नाकारलीय."

"अहो, एका ओळीनं काय होतंय?"

"त्या ओळीवर तांडेल आत जाईल. बाकीचं पान कोणी वाचणारसुद्धा नाही."

"तुमचं प्रमोशन तोंडावर आलंय, गायकवाड मॅडम."

"मग असं करू सर. ती ओळ तुम्ही लिहा आणि खाली तुम्हीच सही करा."

मी पेन त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी पेनाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग रिपोर्ट तसाच पाकिटात घातला.

आठवड्याभरात तांडेलची बोट सुटली, केस उभी राहिलीच नाही. त्या दिवशी बंदरात कोणकोणत्या टग, लाँच आणि स्पीडबोटी फिरत होत्या, याची चौकशी करा म्हणून मी तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. कोळ्याला पकडायला एक वळ पुरला होता, इथे चार मोडक्या बरगड्या पुरल्या नाहीत. महिन्याभरात माझी बदली झाली, कोंबड्यांच्या गाड्या तपासायला. प्रमोशन अर्थात गेलं. बाबा असते तर म्हणाले असते, तुझी तर फक्त बदली झाली.

वाईट मला वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. धक्क्यावर निरोप फिरला होता: मेलेला गादा दिसला की तोंड फिरवायचं आणि निघायचं. कोण नसत्या भानगडीत पडेल? माझी ती मीटिंग पाण्यात गेली होती.

वर्ष उलटलं. एका सकाळी मी कोंबड्यांच्या पिंजऱ्यांमध्ये उभी असताना फोन आला.

"मॅडम, तांडेल. एक मेलेला गादा हाय, बंदरात. आमी बाजूला बोट लावून थांबलोय. फोटो काढलेत, चारी बाजूंनी."

"दोरी?"

"नाय बांधली."

"हरेश्वर, भीती नाही वाटत? मागच्या वेळचं विसरलास?"

"वाटते की. म्हनून तर म्हनतोय, या येळी दोरी तुमी बांधा."

तो विषय आता माझ्याकडे नव्हता. मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि सावंतमामांना फोन लावला. ते नुकतेच रिटायर झाले होते. "सुरे घरीच आसत," म्हणाले.

नव्या साहेबांनी अर्जावरून मान वर केली. "कारण लिहिलं नाहीये, मॅडम."

मी अर्ज परत घेतला आणि त्या रकान्यात लिहिलं: आतून बघायचं आहे. खाली सही केली.