सातोबाईंची तिबेटी वाळू

टोकियोच्या उएनो स्टेशनातून गाडी सुटली आणि मी सातोबाईंना सांगून टाकलं, "तुम्ही अगदी निर्धास्त राहा. तिबेट म्हणजे आमचं शेजारघर!" आता माझी आणि तिबेटी लोकांची ओळख कितीशी, तर थंडीत पुण्याला रस्त्याकडेला स्वेटर विकायला बसतात त्यांच्याशी घातलेली हुज्जत, तेवढीच. पण जपानात 'इंदोजिन' (भारतीय माणूस) म्हटलं की लोक आपल्याला थेट बुद्धाच्या माहेरचं समजतात. मीही कधी नाही म्हटलेलं नाही. फुकटचा मान कोण सोडतं?

सातोबाई इचिकावाला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. नवऱ्याच्या बँकेने आम्हाला इथे धाडलं, तेव्हा कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांचे यजमान भूगोलाचे मास्तर. ल्हासाला जायचं म्हणून जन्मभर नकाशे जमवले आणि न जाताच गेले बिचारे. इथे एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवतात आणि तो दिवस आठवड्यावर आला होता. नागानोच्या डोंगरातल्या एका देवळात तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचं मंडल काढताहेत आणि शेवटच्या दिवशी ती वाळू लोकांना देणार आहेत, असं सातोबाईंनी पेपरात वाचलं. चिमूटभर वाळू यजमानांच्या अस्थींजवळ ठेवायची, एवढंच त्यांना हवं होतं.

"मला त्यांच्या रीती माहीत नाहीत," त्या गाडीत म्हणाल्या. "कुलकर्णी-सान, तुम्ही कराल तसं मी करीन."

"खुशाल करा," मी म्हटलं.

योकोकावाला घाट चढायला जादा इंजिन जोडतात. तेवढ्यात अख्खी गाडी फलाटावर उतरते आणि मातीच्या मडक्यातला भात विकत घेते. मीही धक्के देत दोन मडकी पटकावली आणि विजयी मुद्रेने झाकण उघडलं, तर वरच कोंबडी! शेवटी माझ्या वाट्याला चेस्टनट, जर्दाळू आणि सातोबाईंची सहानुभूती आली.

देवळात शिरताना एकेक चौकोनी पांढरा कागद हातात दिला. थंडीने माझं नाक गळत होतं. काय सोय करतात हो ही माणसं, असं म्हणत मी त्यात नाक शिंकरलं.

आत मंडल होतं. "आमच्याकडे रांगोळी म्हणतात, मला शाळेत बक्षीस होतं," मी सातोबाईंच्या कानात सांगितलं. मग जवळ गेले. पितळी नळीवर खरखर घासून एकेक कण सोडत काढलेलं ते काम, मुंगीच्या डोळ्याएवढ्या पाकळ्या! मी बक्षिसाचा विषय बंद केला. तेवढ्यात लोणी-मीठ घातलेला चहा आला. आपण सरावलेल्या आहोत हे दाखवायला मी एका दमात कप रिकामा केला. वाढणाऱ्या भिक्षूला वाटलं, बाईंना भारीच आवडला. त्याने काठोकाठ पुन्हा भरला.

मग मंत्र झाले आणि मोठ्या लामांनी ब्रशने ते सगळं चित्र झाडून एक केलं. रंग मिसळून नुसती राखाडी वाळू उरली. माझ्या तोंडून 'अरेरे' निघून गेलं. सातोबाई मात्र शांत उभ्या होत्या.

रांगेत सातोबाईंच्या आधी माझा नंबर. तळहातावर चिमूट पडली आणि हातांनी जन्मभराचं वळण गिरवलं: अंगारा म्हणून कपाळाला बोट, उरलेला तोंडात. दातांखाली करकर झाली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. गर्रकन मागे वळले. सातोबाईंच्या कपाळावर टिळा होता आणि त्या डोळे मिटून भक्तिभावाने चावत होत्या. त्यांच्या मागचे गृहस्थही चावत होते. त्यांच्या मागचे खोकत होते. आमच्या आधी वाळू घेतलेले लोक मात्र आपापल्या पांढऱ्या कागदात तिची पुडी बांधून घेत होते.

मेले! ज्यासाठी आलो तेच मी त्या बाईला खायला लावलं. पुन्हा मागायला धावले तर उरलेल्या वाळूच्या कलशाचं तोंड बांधून झालं होतं. आता ती नदीतच जायची.

नदीवर जाताना चहावाला भिक्षू शेजारी आला. लोब्सांग नाव, मुक्काम कर्नाटकातली मुंडगोडची तिबेटी वसाहत. हिंदी फर्डं. मी सगळी कर्मकथा सांगितली. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "कुछ नहीं होगा, पानी ज्यादा पीना. वैसे रेत तिब्बत की है भी नहीं, हमारे उधर की है."

"आणि तुम्ही तरी तिबेटचे ना?"

"माँ की पीठ पर बँधा हुआ आया था. दूध पीता बच्चा. मैंने तिब्बत देखा ही नहीं."

हे सातोबाईंना सांगायचं कसं? सकाळपासून मी पदरचं घालून त्यांना तिबेटची माहिती देत होते. एखादं गोड खोटं सहज जमलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि टिळा अजून तसाच होता. मी जसंच्या तसं सांगितलं. माफीही मागितली. मला रडूच आलं.

त्या लोब्सांगकडे वळल्या. माझ्यामार्फत त्यांना विचारलं, "जावंसं वाटतं?"

"रोज," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

सातोबाई कमरेत वाकल्या, इतक्या खाली की तो गडबडला. कलश नदीत रिकामा झाला, तशा त्या काठाशी उतरल्या. थर्मासमधला चहा ओतून टाकला आणि ते पाणी भरून घेतलं.

परतीच्या गाडीत त्या थर्मास मांडीवर धरून झोपल्या. मी खिडकीला टेकून विचार करत होते, की शेजारघर म्हणून मिरवलं, आणि त्या घरातून बाहेर पडलेल्या माणसाला 'कसे आहात' एवढंही कधी विचारलं नव्हतं. स्वेटरचा भाव तेवढा विचारला.

रविवारी थडग्यापाशी त्यांनी मलाही नेलं. इथे दगडावर पाणी घालतात. सातोबाईंनी थर्मास उघडला, सावकाश ओतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा आणि ल्हासाची वाट नीट बघून ठेवा. लोब्सांग-सान मागून यायचेत, त्यांनी ती पाहिलेली नाही."