गच्चीवरची लाल चादर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर मूर्ख म्हणत आलोय. या सदरातले निम्मे अनुभव अपचनामुळे येतात, हे माझं मत अजूनही कायम आहे. तरी लिहितोय, कारण बायको म्हणाली, "लिहा एकदा, जिरू दे तुमची."

आमचं घर रत्नागिरीत, पेठकिल्ल्यात. किल्ल्यावरच्या जुन्या दीपगृहातून आमची गच्ची स्वच्छ दिसते. बाबा मच्छीमार लाँचवर तांडेल होते, म्हणजे लाँचचे कप्तान. तेव्हा मोबाईल कुठले? घरात काही अडलं की आई गच्चीवर लाल चादर पसरायची, कोपऱ्यांवर चिरे ठेवून. ती दिसली की बाबा लाँच वळवायचे. बाबा गेले तेव्हा तीच चादर त्यांच्यावर घातली. चितेवर ती जळताना मी डोळ्यांनी बघितलीय.

गेल्या मे महिन्यात पुण्याचा धाकटा साडू आला. संध्याकाळी त्याला घेऊन मी आणि बायको दीपगृहावर चढलो. समोर समुद्र, बंदर, अख्खं शहर... आणि हा शिंचा सगळ्याकडे पाठ करून सेल्फी काढतोय!

तेवढ्यात बायकोने माझा दंड धरला. "अहो, आपल्या गच्चीवर बघा."

लाल चादर. कोपऱ्यांवर चिरे.

"घातली असेल कोणीतरी वाळत," मी खेकसलो. पण घरी आई एकटी. गुडघ्यांमुळे तिचा जिना कधीच सुटलाय आणि गच्चीची किल्ली माझ्या खिशात! फोन लावला... उचलेना.

"अहो दादा, सनसेट राहिला की!" साडू ओरडला.

"घाल चुलीत तुझा सनसेट," म्हणालो आणि धावत सुटलो.

आई मोरीत पडलेली, डोक्यातून रक्त वाहतंय. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. तिला ॲडमिट करून घरी आलो, गच्ची उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. वर ना चादर, ना चिरे.

"भास झाला," मी म्हणालो.

"दोघांना? एकदमच?" बायको म्हणाली.

साडूकडे फोटो मागितले. ढीगभर फोटो — आणि प्रत्येकात आमच्या गच्चीच्या जागी त्याचं थोराड डोकं!

दुसऱ्या दिवशी आई बोलली. "तुझ्या बाबांना म्हटलं, नका टाकू चादर. हा मेला कशाला बघतोय घराकडे? ते म्हणाले, बघेल."

चादरीबद्दल तिला आम्ही एक अक्षरही सांगितलं नव्हतं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कोणी अक्कल पाजळायला येऊ नये. त्या दिवशी मी तरी कुठे घराकडे बघत होतो? बघितलं ते बायकोने.