कोंडलेल्या शिशाची खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी जाफराबादच्या घरी अंघोळ करून बाहेर आले, आणि देवासमोर बघून काळजात धस्सच झालं... पाटावर विळा, कात्री, वडिलांचा पाना आणि त्यांच्या शेजारी माझ्या काचा!

नव्वदीचं दशक संपत आलेलं, माझी पीएचडी चालू. दसऱ्यानंतर लगेच मुंबईच्या अणुभट्टीवर तपासणीचा नंबर लागला होता, म्हणून नखाएवढे दोन तुकडे डबीत घालून सोबतच आणले होते. काच कसली, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांची चाळणीच ती.

एक तुकडा रिकामा, पांढरट. दुसऱ्याच्या भोकांत शिसं भरलेलं, काळाकुट्ट. एवढ्या अरुंद जागेत शिशाचे अणू कसे हलतात, ते मोजायचं होतं. रिकामे तुकडे लॅबमध्ये ढीगभर होते, पण काळा मनासारखा एकच जमला होता... तो बिघडला तर सगळी मेहनत पाण्यात.

"आई, काय केलंस गं हे!" मी ओरडलेच.

"तुझी हत्यारं हायेत ना? मंग पूजा नको?" आई शांत. "काळ्यावर कुंकू उठून दिसंना, म्हणून त्याला नुसतं फूल वाह्यलं. पांढऱ्याला लावलं बराबर."

हुश्श! जीव भांड्यात पडला. मग पांढऱ्याकडे बघितलं आणि रागच विसरले... आईनं ओलं बोट एका कोपऱ्याला टेकवलं होतं, आणि रंग आतल्या आत चढत अख्खी काच गुलाबी होत चालली होती! इतके दिवस ज्या भोकांबद्दल लोकांना सांगत होते, ती अशी डोळ्यांसमोर पाणी पीत होती. मी तिथंच पाटासमोर बसून बघत राहिले.

काळा तुकडा सुखरूप मुंबईला गेला. काही आठवड्यांनी आकडे हाती आले.

मला वाटलं होतं, एवढ्या अडचणीत बिचारे अणू गप बसत असतील. छे! त्याच तापमानाला उघड्या शिशापेक्षा यांची थरथर मोठी. भोकातला शिशाचा कण इतका बारका, की बरेचसे अणू काठावरचेच... आमच्या जाफराबाद-जालना जीपला मागं लटकलेल्या माणसांसारखे. आधार एकाच बाजूनं, मग हेलकावे खाणारच की!

 धावत बूथवर जाऊन आईला फोन लावला.

"कोंडल्यावर जास्त हलतंय म्हणती?" तिनं विचारलं. मग हळूच म्हणाली, "अन् आपण त्याला निर्जीव म्हणून राह्यलो गं..."

प्रबंधात हे वाक्य घालता आलं नाही. पण अजूनही शिशाचा साधा गोळा हातात आला, की मी क्षणभर थांबते. आत केवढी धांदल चाललीय, आणि बोटांना पत्ताही नाही... हे एकदा तरी बघायला मिळालं, नशीबच म्हणायचं माझं.