वजीर फुकट का जात होता

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामाच्या गाडीवर असताना, कुठल्या कुठल्या गावात, ते बुद्धिबळ शिकले. रिटायर होऊन ढाणकीला घरी बसले, तर खेळायला कोणी नाही. मी घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. म्हटलं, त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवरच भिडू आपण तयार करू.

सुरुवातीचे डाव बरे गेले. मग एकदा माझ्या प्रोग्रॅमने जिंकत आलेल्या डावात वजीर सरळ बाबांच्या प्याद्याच्या तोंडी दिला.

"काहून वं, याले जीव नकोसा झाला का?" म्हणत बाबांनी वजीर मारला.

गडबड आकड्यांत निघाली. एकदा विचार केलेली मांडणी प्रोग्रॅमला पुन्हा ओळखू यावी, म्हणून प्रत्येक मोहऱ्याला घराघरासाठी वेगळा आकडा द्यायचा. पटावरचे आकडे ठरावीक रीतीने मिसळले की त्या मांडणीची ओळख तयार होते. मी आळसाने ओळीने आकडे दिले होते. त्यामुळे दोन हत्ती भलत्याच घरांत असले तरी ओळख तीच निघे, आणि प्रोग्रॅम जुनंच उत्तर ठोकून देई.

म्हणजे आकडे अगदी कसेही, विस्कळीत हवेत. आई तूरडाळ निवडत होती. म्हटलं, "आई, मनात येईल तो आकडा सांग."

"एकावन्न."

"अजून?"

"एकशे एक."

"अजून एक."

"एकशे एकावन्न."

"अवं, हा तर आहेर झाला!" बाबा पेपराआडून म्हणाले.

"मंग तुमी सांगा," आई म्हणाली.

बाबांनी सांगितले, पण ते सगळे त्यांच्या जुन्या गाड्यांचे नंबर. मी डोळे मिटून कीबोर्ड बडवला, तर बोटं फिरून फिरून त्याच बटणांवर. आम्हा तिघांपैकी एकालाही धड विस्कळीत होता येईना. हसून हसून पुरेवाट झाली.

शेवटी चांगल्या रीतीने कॉम्प्युटरकडूनच लांबलचक आकडे काढून घेतले आणि एकही दोनदा आलेला नाही ना, ते तपासलं. ते काढायची सुरुवात ज्या आकड्यापासून केली, तो मात्र कायम ठेवला, म्हणजे दर वेळी तेच आकडे निघतील आणि पुढे काही बिघडलं तर शोधता येईल.

संध्याकाळी बाबा खेळायला बसले. वजीर आता जपून हिंडत होता. बाबा आधी गप्पा मारत होते, मग चष्मा पुसू लागले. आणि हरले. मला वाटलं, आता रुसतील.

ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता कुठं हा खेळून राह्यला. लाव दुसरा डाव!"