साडूंची उद्गारचिन्हं

आमच्या साडूंच्या हाकेला ओ न देणारं यंत्र नगर जिल्ह्यात अजून जन्माला यायचं आहे. माणसांचं म्हणाल तर ती गोष्ट वेगळी. त्यांची बायको, म्हणजे आमची मेहुणी, तिसऱ्या हाकेशिवाय स्वयंपाकघरातून हलत नाही. पण मिक्सर, पंखा, टेलिफोन, सगळ्यांशी साडूंचं घरच्यासारखं बोलणं. रेडिओ खरखरला की आधी "काय झालं रे बाळा?" असं विचारत आणि मगच पक्कड हातात घेत. मिशीला कलप लावायचा इवलासा ब्रश कायम खिशात. त्यानेच मिशी काळी व्हायची आणि त्यानेच मशीनची धूळ झटकली जायची. खंडेनवमीला तर त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. लोक अवजारांना कुंकवाचं बोट लावतात, साडू मूठ लावत. एकदा माझ्या स्कूटरची पूजा केली, तर कितीतरी दिवस दिव्यातून तांबडा उजेड पडत होता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही दोघंही एकाच साखर कारखान्यात. मी हिशेब विभागात, ते गोदामातून नुकतेच कॉम्प्युटर विभागात आलेले. आल्या आल्या त्यांनी हट्टाने राउटर आणवला; काट्यावरची उसाची वजनं हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पोचवणारी डब्याएवढी पेटी. चेअरमन म्हणाले, "काटा हाय, पावती हाय, मंग ह्ये कशाला?" साडूंनी भर मीटिंगमध्ये शब्द दिला, "दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आत न्हाई चाललं, तर मी परत गोदामात जाईन." गोदामाची त्यांना खरी धास्ती होती. तिथे बोलायला एक यंत्र नव्हतं.

पेटीचं आणि काट्याचं मात्र जमेना. आतला प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो नवा चढवावा लागणार होता. पुण्याहून तो आला नेमका खंडेनवमीला. सकाळी साडूंनी पेटीची यथासांग पूजा केली, दुपारी काम सुरू केलं. नवं मावेना म्हणून जुनं पुसलं. आता मशीन नुसत्या आठवणीवर चालू होतं. लाइट गेली की सगळं विसरणार, आणि साडू गोदामात. प्रोग्रॅमचे तुकडे पोचत गेले की स्क्रीनवर उद्गारचिन्हं उमटत, हरवले की टिंबं. उद्गारचिन्हांची रांग झोकात निघायची आणि मध्येच टिंबं सुरू व्हायची. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. साडूंनी हाक मारली, म्हणजे कॉम्प्युटरवरून पेटीला एक छोटा निरोप धाडला. उत्तर आलं. "ओ देतंय, पण घास घशाखाली उतरंना," ते म्हणाले. फाइलचं माप ताडून पाहिलं, बरोबर. पेटीत जागाही भरपूर. शेवटी वायर बदलावी म्हणून जुनी उपसली, तर तिचं टोक लालभडक.

"पाव्हणं, याच्या तोंडात कुंकू कुनी कोंबलं?"

मी फक्त त्यांच्या बोटांकडे पाहिलं. सकाळचं कुंकू अजून तिथेच होतं. तेवढ्यात पंखा मंदावला, ट्यूब लुकलुकली आणि दारातून शिपाई ओरडला, "सायेब, लाइट जाती वाटतं!"

साडूंनी मिशीचा ब्रश उपसला. पेटीची खाच घासली, फुंकली, नवी वायर खोचली. "खा रे बाळा, लवकर खा." रांग निघाली, नेहमीच्या जागी आली, आणि तशीच पुढे गेली! शेवटी सगळं नीट पोचल्याचा निर्वाळा स्क्रीनवर आला आणि लगेच लाइट गेली. लाइट आली तशी पेटी जागी झाली. साडूंनी हाक मारली. ओ आली. मी त्या माणसाला चक्क मिठी मारली.

दसऱ्याला पहिली बैलगाडी काट्यावर चढली आणि हेड ऑफिसातून खुद्द चेअरमनांचा फोन आला, "वजन हितं दिसतंय की! लई झ्याक!" साडूंनी पहिला पेढा पेटीपुढे ठेवला. कुंकू कोणाचं होतं, या प्रश्नाला छाती काढून उत्तर दिलं, "माझंच. काडलं बी मीच."

आता नवी यंत्रं आपली आपण नवा प्रोग्रॅम घेतात, साडूंना कोणी बोलावत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. ते केडगावला असतात, ऐकू कमी येतं. खंडेनवमीला मी मुद्दाम माझा लॅपटॉप पूजेला नेतो, आणि ते झाकणाला एकच बोट लावतात, खाचांपासून लांब. फाटकातून मी हाक मारतो. मग पुन्हा मारतो. ओ उशिरा येते, पण येते.